दहा डब्यांचे नंबर

माझ्या नवऱ्याला मालगाडीचं वेड आहे. बाटलीचं नाय, पत्त्यांचं नाय, मालगाडीचं. रिटायर होऊन बारा वर्षं झाली, पण अजून जालना रोडनं स्कूटर चालवताना यांचं निम्मं ध्यान रुळाकडं. करमाडला कय्युमभाई राहतात, यांच्यासोबत रेल्वेत व्हते. त्यांचा फोन आला, "भाभी, बद्रीभाऊ को बोलो, माल निकली चिकलठाणे से," की हे भरल्या ताटावरून उठतात. मग मी मागं बसायचं, गाडीच्या पुढं करमाड गाठायचं आणि मोबाईलवर तिचा व्हिडिओ काढायचा. लोकांच्या बायका नवऱ्यासोबत वेरूळला जातात. मी सिमेंटचे डबे बघायला जाते.

यांची नोकरी नंबरटेकरची. मालगाडी यार्डात येऊन उभी राहिली की तिच्या कडेनं चालत जायचं आणि डब्याडब्यावरचा नंबर वहीत उतरवायचा. हे वही नावापुरती बाळगायचे. प्रत्येक डब्याचे शेवटचे पाच आकडे डोक्यात ठेवायचे, चाळीस-चाळीस डब्यांचे, आणि ऑफिसात चहा पिऊन झाल्यावर सावकाश लिहायचे. एक आकडा इकडचा तिकडं व्हायचा नाय. साहेब लोक पाहुण्यांना मुद्दाम आणून दाखवायचे.

आणि असा माणूस दोन महिन्यांमागं गारखेड्याच्या चौकात कोथिंबीर आणायला गेला, तो दोन तासांनी परत आला. कोथिंबीर नाय, पिशवी रिकामी. विचारलं तर म्हणाले, "वाट चुकलो."

तीस वर्षं झाली आम्हाला त्या घरात. मग आठ दिवसांनी भाजी वाढताना मला "सारजा" म्हणाले. सारजाबाई म्हणजे यांची मोठी बहीण, जाऊन दहा वर्षं झाली.

मी उगंच घाबरणारी बाई नाय. पण माझे मोठे दीर, फकिराभाऊ, त्यांचं असंच सुरू झालं व्हतं. देवगाव रंगारीला स्वतःच्या शेतातून घरी येताना वाट चुकले, आम्ही हसलो. शेवटी शेवटी जाऊबाई पाणी घेऊन गेल्या की त्यांनाच विचारायचे, "बाई, तुम्ही कुणाच्या?" जाऊबाई तरी सांगायच्या, "मी दगडाबाई, तुमचीच." रोज सांगायच्या. तीन वर्षं मी ते डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा यांनी मला सारजा म्हटल्याबरोबर मी डाव भाजीत तसाच सोडला.

डॉक्टरकडं चला म्हटलं की अंगावर यायचे. "मला येडा ठरवायला निघालीस व्हय?" मी रडले, भांडले, दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी यांनीच तोड काढली. म्हणाले, "माझं डोकं बघायचंय ना तुला? करमाडला चल. दहा डब्यांचे नंबर ध्यानात ठेवतो, घरी येऊन सांगतो, तू तुझ्या व्हिडिओवर ताडून बघ. एखाददुसरा चुकला तर वय झालं म्हणायचं. पाचाच्या वर चुकले तर म्हणशील त्या डॉक्टरकडं येतो, आणि स्कूटरची चावी तुझ्या हवाली."

कबूल झाले मी. काय करणार?

दुपारी कय्युमभाईंचा फोन आला आणि आम्ही निघालो. चिकलठाण्याच्या पुढं गाडी दिसली, आमच्यासोबतच चाललेली. हे खुशीत. स्कूटर अशी दामटली की मी एका हातानं यांचा शर्ट धरला, दुसऱ्या हातानं चष्मा. शेंद्र्याच्या जवळ गाडी मागं पडली आणि आम्ही करमाड गाठलं. स्टेशनमास्तर यांना ओळखतात, म्हणाले, "या काका, आज दोन-दोन हायेत." दोन रुळांच्या मधला फलाट. एका बाजूला जालन्याकडून आलेली मालगाडी थांबवून ठेवलेली, दुसऱ्या बाजूनं आमची गाडी जायची. हे दम खात बाकड्यावर बसले. मी मोबाईल काढून उभी राहिले. गाडी आली तशी यांनी मला काहीतरी सांगितलं. पण इंजिनचा भोंगा असा वाजला की एक अक्षर कळलं नाय. मी आपली मान हलवली.

घरी आलो, चहा झाला. हे डोळे मिटून खुर्चीत बसले आणि नंबर सांगायला लागले. मी कॅलेंडरच्या पाठीमागं लिहून घेतले. चार सात शून्य दोन आठ. मग तीन तीन नऊ एक सहा. असे दहा, कुठं अडखळणं नाय. माझा जीव भांड्यात पडायला लागला. हे हातपाय धुवायला गेले आणि मी व्हिडिओ लावला.

पहिला डबा जुळला नाय. दुसरा नाय. म्हटलं, मधले कुठले असतील. एकेक डबा थांबवून, मोठा करून बघितला, शेवटच्या गार्डाच्या डब्यापर्यंत. दहातला एक बी नंबर त्या गाडीत नव्हता. सगळे यांनी मनानं रचलेले. आणि इतक्या ठामपणे सांगितलेले, की मला फकिराभाऊच आठवले. तेही असंच ठाम बोलायचे.

हे टॉवेलला हात पुसत आले. "किती चुकले?"

"एक बी नाय," मी म्हटलं. "दहाच्या दहा."

यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि नुसतं "बरं" म्हणाले. मग स्कूटरची चावी खुंटीला न लावता माझ्या पुढ्यात ठेवली आणि आत गेले. मी मनात म्हटलं, बघा, चावीची जागा बी विसरले. मोरीत जाऊन नळ मोठा सोडला आणि पोटभर रडले.

सकाळी चहाला बोलवायला गेले तर हे आंघोळीला गेलेले. उशीजवळ चष्म्याखाली एक कागद व्हता. यांचं अक्षर, छापल्यासारखं.

"माझं नाव बद्रीनाथ. राहणार गारखेडा, पाण्याच्या टाकीमागं. बायकोचं नाव चतुराबाई. भांडते, पण घाबरू नये. तिच्यासोबत घरी जावं."

खिशात ठेवायला लिहिलेला कागद. म्हणजे यांना कालच कळलं व्हतं की मी खोटं बोलले. माझ्या तोंडावरून कळलं. चावी विसरून ठेवली नव्हती, बोलल्याप्रमाणं माझ्या हवाली केली व्हती. आणि मग हा माणूस एकटा बसून स्वतःला माझी ओळख लिहून ठेवत व्हता. त्या कागदावर घाबरू नये वाचलं आणि मी खाटेवर बसले.

मोबाईल पुन्हा का उघडला ते मला सांगता येणार नाय. नंबर बघायचे नव्हते. हे त्या व्हिडिओत कोपऱ्यात आलेत एवढं आठवत व्हतं, आणि मला यांना चांगलं असतानाचं बघायचं व्हतं. बघितलं. गाडी धडधड चाललीय, आणि हे बाकड्यावर बसलेत, तिच्याकडं पाठ करून. तोंड माझ्या मागच्या बाजूला. ओठ हलतायत.

आधी वाईट वाटलं, की यांनी गाडी बघितलीसुद्धा नाय. मग डोक्यात आलं, माझ्या मागं काय व्हतं? माझ्या मागं ती थांबलेली मालगाडी व्हती.

गार्डाचा डबा निघून गेला. काल मी इथंच बंद केलं व्हतं, गाडी संपली म्हणून. पण व्हिडिओ पुढं चालूच. बटण दाबायचं मी विसरले व्हते. मोबाईल हातात लोंबकळतोय, फलाट दिसतोय, माझी चप्पल, आणि मग उलटेपालटे डबे, उभे, तांबडे. मी मोबाईल उलटा धरला. चार सात शून्य दोन आठ. कॅलेंडर ओढून आणलं. तीन तीन नऊ एक सहा. पाच डबे दिसत व्हते आणि पाचही आकडा न आकडा यांनी सांगितले तसेच, त्याच क्रमानं.

मी हसत व्हते की रडत, कुणाला ठाऊक. हे ओल्या डोक्यानं बाहेर आले. त्यांच्यापुढं मोबाईल धरला आणि म्हटलं, "हे बघा. तुम्ही बरोबर व्हता. मी दुसऱ्याच गाडीशी ताडत बसले."

यांनी बराच वेळ बघितलं. मग खाटेवर टेकले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. एवढ्या वर्षांत मी यांना तसं कधी बघितलं नव्हतं. थोड्या वेळानं हात काढला तर आवाज चढलेला.

"फलाटावर सांगितलं नव्हतं मी? उभ्या गाडीचे घेतो म्हणून? मान हलवलीस ना?"

"भोंग्यात कुणाला ऐकू येतंय?"

"जन्मभर उभ्या गाडीचेच नंबर घेतले. पळतीचे आता या वयात घेऊ व्हय?"

"आणि मी पळत्या गाडीच्या मागं कंबर मोडून घेते ती कशाला?"

असं आमचं लागलं, जुनं, चांगलं, कडाकडा. इतकं बरं वाटलं मला. मग मी म्हटलं, नंबर झाले, पण सारजा म्हणालात त्याचं काय? हे म्हणाले, "त्याचं मला बी कळत नाय. आज येतो तुझ्यासोबत डॉक्टरकडं, विचारू. आता भीती नाय वाटत."

"आणि वाट चुकलात ते?"

यांनी टॉवेल उगंच झटकला. खिडकीबाहेर बघितलं. "वाट नव्हतो चुकलो."

"मग?"

"शिवाजीनगरच्या रेल्वे गेटवर मालगाडी अडकली व्हती. दोन इंजिनं. बघत बसलो. खरं सांगितलं असतं तर तू आख्खं घर डोक्यावर घेतलं असतं. म्हणून म्हटलं, वाट चुकलो."

दोन महिने मी देवापुढं नाक घासत व्हते. दोन महिने झोपलेल्या माणसाचं तोंड बघून पहाट करत व्हते. त्यावर मी यांना काय काय बोलले ते इथं सांगत नाय. पण आवाज भिंतीपलीकडं गेला आणि शेजारची ताहेरा घाबरून दारात आली. "चाची, क्या हुआ? चाचा ठीक है ना?"

"ठीक हाय गं बाई," मी म्हटलं. "आमचे हे एकदम ठीक हायेत."