उसाशासकट

श्वास घ्या. धरा. सोडा.

"घसा बसलाय वाटतं, बाई," दुकानदार म्हणाला. घसा बसला नव्हता. 'साबण द्या' हे तिचं त्या दिवसातलं पहिलंच वाक्य होतं.

प्लास्टिकच्या ट्रेमध्ये चष्मा, किल्ल्या, दातांची कवळी आणि मुश्किलीने बोट सोडलेली कुणाची तरी अंगठी.

"आवड काय, नंतर लागते. नवी चप्पल आधी चावते, मग पायाला बसते." हे वडील.

दोन उशा. एक अजून पिशवीतून काढायची आहे.

भिंतीत शिशाचा पत्रा, दारातही. आतलं बाहेर जाऊ नये म्हणून.

हे सगळं एकाच बाईच्या आयुष्यातलं. मोठ्या दवाखान्याच्या तळमजल्यावर ती स्कॅनचं यंत्र चालवते. माणसाला फळीवर झोपवायचं, यंत्राच्या कड्यात सरकवायचं, आपण दार लावून काचेमागे यायचं आणि बटण दाबायचं. हे तिच्यासाठी दहावीतच ठरलं होतं. माणसं आजारी पडायची थांबत नाहीत, म्हणजे या कामाची मागणीही थांबत नाही, असा वडिलांचा हिशेब होता. हिशेब चुकला नाही. जिथे यंत्र आलं आणि चालवायला माणूस नव्हता, तिथून तिला बोलावणं आलं. चार शहरं झाली. नोकरीने तिला एक दिवसही घरी बसवलं नाही. काकू लग्नाकार्यात सगळ्यांना ऐकवायच्या, "नोकरीच्या मागण्या इतक्या आल्या, की दुसऱ्या कुठल्या मागणीला पोरगी घरी सापडलीच नाही."

गेल्या वर्षी नवं यंत्र आलं. ते स्वतः बोलायचं, पण बातम्या दिल्यासारखं. म्हातारी माणसं दचकून श्वास घ्यायचंच विसरायची. बसवायला आलेला इंजिनियर म्हणाला, "मॅडम, तुमचाच आवाज भरून टाकू." तिने माइकसमोर तीन सूचना म्हटल्या. तेव्हापासून यंत्र तिच्या आवाजात बोलतं आणि ती गप्प असते. शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरांना त्या आवाजाचा त्रास व्हायला लागला, म्हणून काचेच्या अलीकडचा स्पीकर बंद करून ठेवला. तिला पेशंटची छाती वर जाताना दिसते. ऐकू काही येत नाही.

शनिवारी दुपारी धाकटा भाऊ मुलीला घेऊन आला.

"ही घे तुझी शागीर्द," दारातूनच म्हणाला. "सोमवारी शाळेत सांगायचंय, पुढे कुठली लाइन. म्हटलं, तोंडाची वाफ दवडण्यापेक्षा दाखवूनच आणू."

भाची मांडीवर दप्तर घेऊन स्टुलावर बसली. ती आत्याकडे बघून हसली आणि मग नखांकडे बघत राहिली.

"कॉलेज इथलंच," भाऊ म्हणाला, "म्हणजे राहील तुझ्याकडेच. तुलाही सोबत."

हे त्याने महिन्यापूर्वी फोनवरही सांगितलं होतं. त्यानंतर तिने मागच्या खोलीतली खोकी हलवली होती. उशी आणली, वाचायला दिवा आणला. एका रविवारी दोघींचा चहा किती पाण्यात बसतो ते करून पाहिलं आणि उरलेला कप मोरीत ओतून दिला.

"आत्या, आत झोपून बघू?" भाचीने विचारलं.

"बघ की. किरण सोडत नाही. नुसता आवाज ऐकवते."

भाची फळीवर आडवी झाली. दार लागलं. बटण दाबलं. काचेपलीकडे पोरीची छाती वर गेली, थांबली, खाली आली.

बाहेर येऊन ती म्हणाली, "सुरुवातीला उसासा का टाकतेस गं?"

"कसला उसासा?"

"'श्वास घ्या'च्या आधी. केवढा मोठा!"

फरशी पुसणाऱ्या मावशी काठीला टेकून उभ्या राहिल्या. "अगोबाई! बाईंना ठाऊकच नाही? सगळे पेशंट सांगतात. आम्हाला वाटलं, मुद्दाम ठेवलाय. परवा एक आजी म्हणत होत्या, आतली बाई फार दमलीय, तिला आधी झोपवा, मी थांबते."

भाऊ खो खो हसला. भाचीही हसली.

आत्याने तिला बटण दाखवलं. "मी आत गेले की हे दाब."

इतक्या वर्षांत ती अशा फळीवर कधी झोपली नव्हती. फळी गार होती. दार बंद झालं आणि बाहेरचं सगळं तुटलं. मग डोक्याच्या वर, अगदी जवळ, कुणीतरी उसासा टाकला. लांब, तळापासून निघालेला, शेवटी किंचित थरथरलेला. मग तिचा आवाज म्हणाला, श्वास घ्या. तिने घेतला. धरा. तिने धरला आणि आठवून पाहिलं, त्या दिवशी काय झालं होतं? काहीच नाही. इंजिनियरला घाई होती, डबा खाऊन झाला होता, बाहेर ऊन होतं. एवढ्या मोठ्या उसाशाला कारण म्हणावं असं काहीच नव्हतं.

सोडा, म्हणेपर्यंत बराच वेळ गेला.

ती बाहेर आली तेव्हा भावाने घड्याळ दाखवलं. "मग? सांग की तिला. तुझ्या तोंडून ऐकलं की पटेल."

सांगायला एकच वाक्य पुरलं असतं. चांगली लाइन आहे गं, ये. पोरगी आली असती. मागच्या खोलीत दिवा लागला असता.

"तुला काय वाटतं?" तिने भाचीला विचारलं.

"तिला काय वाटणार? तिला तर पहिल्यापासून..."

"छोट्या, श्वास धर."

पिकल्या मिशांच्या छोट्याने खरोखरच धरला.

भाची बराच वेळ काचेकडे बघत होती. आत्या थांबली. घाई करायची नाही, हे तिला कामाने शिकवलं होतं.

"यंत्र आवडलं," भाची शेवटी म्हणाली. "खोली नाही आवडली. म्हणजे... मला माहीत नाही, आत्या."

"मग तेच सांग सोमवारी."

"काय?"

"माहीत नाही म्हणून."

भावाचा श्वास सुटला. "ताई! हे काय उत्तर झालं? शाळेत हसतील. आणि तुझ्याकडे राहायचं ठरलंय त्याचं काय?"

"सुट्टीत येऊ दे. पाहुणी म्हणून."

"कमाल आहे तुझी. तू दहावीतच ठरवलंस ना? मग तुझं काय वाईट झालं गं?"

तो टोमणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. तिनेही खरंच आठवून पाहिलं.

"वाईट काही झालं नाही रे. निघा आता, बस चुकेल."

जाताना भाचीने तिचा हात धरला आणि जरा उशिरा सोडला. पायऱ्यांवरून भावाचा आवाज येत राहिला, "हिला सांगायला आणली, तर हिनेच..." मग तोही येईनासा झाला.

"तो उसासा काढून टाकायला सांगा इंजिनियरला," मावशी म्हणाल्या.

"बघू."

पुढचे पेशंट एक आजोबा होते. तिने त्यांचा चष्मा ट्रेमध्ये ठेवला, त्यांना झोपवलं, दार लावून काचेमागे आली. यंत्राचा आवाज बंद केला आणि माइक जवळ ओढला. घसा खाकरावा लागला.

"आजोबा, मी इथेच आहे. सांगेन तसं करा."

काचेपलीकडे आजोबांनी ऐकू आल्याची खूण म्हणून एक हात वर केला आणि तसाच धरून ठेवला.

ती दहावीत असताना शाळेने विचार करायला आठवडा दिला होता. वडिलांनी त्याच संध्याकाळी कळवून टाकलं.