दोन बोटं माया

गावात मास्तर म्हटलं की शाळेतले नव्हेत, शिंपी! निम्मं गाव त्यांच्या गणवेशात वाढलं, आणि वाढलं म्हणजे अक्षरशः. मास्तर शिवणीच्या आत दोन बोटं माया, म्हणजे जादा कापड, ठेवायचे. पोर उंचावलं की शिवण उसवायची, झालं, आणखी एक वर्ष निघालं!

पण शहर फुगत गेलं तसं गाव आटलं. गिरणी गेली, बँक गेली, मग माणसं. उरलेल्या पोरांचे गणवेशही शहरातून पिशवीबंद येऊ लागले. म्हणून आज मास्तर शहरातल्या कपड्याच्या कारखान्यात हात दाखवायला निघाले होते. त्यांना काम लागलं तरच लेक तिथल्या कॉलेजात जाणार होती.

"तुकडे कापलेलेच मिळतात, बाबा. माया फक्त पाव इंच. आपली दोन बोटं नाही हं!" लेकीने बसमध्ये पुन्हा बजावलं.

"बाई गं, शिवण कोण शिकवतंय कोणाला!"

कारखान्यातलं मशीन पायाचं नव्हतं, विजेचं होतं. नुसता पाय टेकला तर सुसाट सुटलं. मास्तर बिचकले, आणि बिचकलेला हात आपल्या जुन्या वाटेने गेला, दोन बोटं आत. शर्ट पुतळ्याला चढवला तर पुढे बटणंच लागेनात.

देखरेखीच्या मॅडमनी तो उलटा केला. "काका, एवढी माया कोणावर? घालणारा आपल्या ओळखीचा तरी आहे का?"

अख्खी रांग खिदळली.

"पोरं वाढतात..." मास्तर पुटपुटले.

"वाढू देत की! नवा घेतील. आपलं पोट त्यावरच आहे." मग त्यांची नजर लेकीकडे वळली. "तुला येतं का गं?"

नाही म्हणायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण बाबा मान खाली घालून बोटांवर मापाची टेप गुंडाळत होते. ती बसली. पाव इंच, सरळ रेघ.

"उद्यापासून ये."

कॉलेजचं नाव दोघांनीही काढलं नाही. बस स्टँडवर मास्तर म्हणाले, "बाही आखूड झालीय तुझी. आत माया आहे अजून."

"राहू दे, बाबा. इतक्यात नाही वाढायची मी."

ऐकतील तर ते मास्तर कसले! खिशातून छोटी कात्री काढून तिथेच उसवायला बसले. एक बाही मोकळी झाली आणि कंडक्टरने घंटी मारली.

दुसरी राहिली.