सात सम्राट लांब, तीन सम्राट रुंद

पोहे झाले, चहा झाला, पोरगी एकदा ट्रे घेऊन आली आणि एकदा ट्रे घेऊन गेली. एवढ्यातच सम्राटचा जीव तिच्यात पुरता गुंतला. क्रांती तिचं नाव. "पोह्यात मिरची ज्यादा झाली का?" म्हणून तिनं विचारलं, तर हा डोळ्यांतनं पाणी गाळत म्हणाला, "छे छे, बरोबर हाय." ती फस्सकन हसली. त्या एका हसण्यावर गड्यानं मनातल्या मनात लगीन उरकून टाकलं.

आता पोरीच्या बापानं, हंबीररावांनी, हो म्हणायचाच अवकाश. पण हंबीररावांचं निम्मं ध्यान मागच्या गोठ्यात. गोठ्यात चार म्हशी आणि खाली निव्वळ चिखल. परवाच एक म्हस घसरून फतकल मारून बसली होती. वर्षभर घातलेल्या दुधाचं डेअरीचं फरकबिल हातात आलं होतं, सत्तर हजार. त्यात सिमेंटचा कोबा घालायचं ठरलं होतं आणि एस्टिमेट काढायला नबीलाल मिस्त्री नेमका आजच उगवला होता.

"चला पावणं, गोठा तर बघा," म्हणत हंबीररावांनी सगळ्यांना मागं नेलं.

नबीलालनं शाहूपुरीतनं आणलेला कोरा टेप मोठ्या ऐटीत ओढला. थोरल्या म्हशीनं त्यावर शांतपणे पाय ठेवला. नबीलालनं हिसका दिला. टेप तुटला आणि त्याची डबी टुणकन उडून शेणाच्या खड्ड्यात गडप झाली.

"आता ओ?" नबीलाल म्हणाला.

"आता काय? सहा फुटाचं माप घरात आलंय की!" हंबीररावांनी सम्राटच्या पाठीवर थाप मारली. "बायोडाट्यात लिवलंय. ते बघूनच तर गारगोटीस्नं बोलावलं. पावणं, पडा आडवं!"

सम्राटनं आईकडं बघितलं. आई, म्हणजे तानाबाई, छपराकडं बघायला लागली. बायोडाटा तिनंच लिहिला होता. खरं तर पोरगा साडेपाच फूट. पण तिच्या मायेच्या मापात सहा भरत होता.

इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत सम्राट भिंतीला टाच लावून चिखलात आडवा झाला. क्रांतीनं वाकून त्याच्या डोक्यापाशी पांढऱ्या फक्कीची रेघ मारली.

"उठा, फुडं सरका."

तो उठला, रेघेला टाच लावली, पुन्हा पडला. एका म्हशीनं येऊन त्याचं तोंड चाटलं. "तुमास्नी पसंत केलं वाटतं तिनं," क्रांती हळूच म्हणाली. सम्राटला त्या चिखलातसुद्धा गुदगुल्या झाल्या.

गोठा सात सम्राट लांब आणि तीन सम्राट रुंद भरला.

नबीलालनं मोबाइलवर गुणाकार मारला. "बेचाळीस नं अठरा. खाली दगडाचं सोलिंग, वर चार इंच काँक्रीट, मजुरी धरून फुटाला एकशे धा. त्र्याऐंशी हजार एकशे साठ."

हंबीररावांचा चेहरा पडला. "आरं, मग लग्नाच्या पैशाला हात लागतोय की! तानाबाई, असं करू. औंदा कोबा, आन् लगीन फुडच्या फरकबिलाला."

सम्राटनं मनात हिशेब मांडला. वर्षभरात हिला धा स्थळं येतील, त्यातलं एखादं खरंच सहा फूट निघायचं.

"मामा, चार इंचाचं तीन करा की!"

"म्हशी हायत्या, पावणं," नबीलाल म्हणाला. "मांजरं न्हाईत."

"मग... मी आखडून झोपलो हुतो मघाशी. परत मापा."

पुन्हा लोळण सुरू झाली. या खेपेला सम्राटनं मान ताणली, पायाची बोटं ताणली, श्वाससुद्धा लांब ओढून धरला. तोंड लाल झालं, पायात गोळा आला. रुंदी हटली नाही, लांबी तेवढी पावणेसात सम्राट झाली.

"ऐंशी हजार," नबीलाल म्हणाला. "अजून ताणाय येतंय का?"

सम्राट चिखलात उठून बसला. आईनं डोळे वटारले. क्रांती फक्कीचा डबा धरून वाकून उभीच होती.

"मामा, मी सहा फूट न्हाई. साडेपाच हाय."

"सम्या!" तानाबाई किंचाळली. "बूट काढलेत त्यानं, म्हणून वाटतंय तसं!"

"अर्ध्या फुटाचं बूट कुठं मिळत्यात, आये?"

हंबीररावांच्या मिशा थरथरल्या. आता दारात उभं करून शिव्या घालणार, असं सम्राटला वाटलं. पण नबीलालचं बोट पुन्हा मोबाइलवर फिरायला लागलं होतं.

"साडेअडतीस नं साडेसोळा... हंबीरदादा, एकोणसत्तर हजार आठशे सत्याहत्तर!"

"काय सांगतोस? सत्तरच्या आत?"

"व्हय की!"

हंबीररावांनी चिखलासकट सम्राटला मिठी मारली. "एका दमात तेरा हजार वाचवलं, पावणं! असा जावई दिवा लावून शोधला तरी घावायचा न्हाई." मग कानाशी तोंड नेऊन ते म्हणाले, "नीट आठवून बघा जरा. पाच-चार बिर असशीला तर आत्ताच सांगा. सोलिंगचं बी निघंल."

"न्हाई मामा. हितनं खाली एक इंच न्हाई."

"आप्पा," क्रांती म्हणाली, "आता माझं बी सांगून टाका."

हंबीरराव एकदम म्हशीचं दावं सोडायला, बांधायला लागले. "तुझं काय? तुझं काय न्हाई."

"माझ्या बायोडाट्यात पाच-तीन लिवलंय," ती सम्राटला म्हणाली, "उंच पोरीला स्थळं येत न्हाईत म्हणून. मी पाच-सात हाय."

आणि सकाळपासनं वाकून वावरणारी ती पोरगी पहिल्यांदा सरळ उभी राहिली. तिच्या डोळ्यांकडं बघायला सम्राटला हनुवटी जराशी उचलावी लागली. तानाबाई पेंडीच्या पोत्यावर मटकन बसली.

"चालतंय का?" क्रांतीनं विचारलं.

"चालतंय की!" सम्राट म्हणाला.

"मग औंदाच लग्नाचा बार उडवू!" हंबीरराव ओरडले.

"उडवा," नबीलाल म्हणाला, "पर कोबा पाणी पिऊन पक्का होईस्तवर वरात हिकडं आणू नका. वऱ्हाड नाचायला लागलं, की माझं काम फुटतंय."