मोज्यातल्या बाटल्या, मापातला मी

मित्रांनो, जगातले मोठे निर्णय ग्लासाशिवाय झालेले नाहीत. राज्यं आली आणि गेली, तह झाले आणि मोडले, पण दोन माणसांच्या मधोमध एक ग्लास उभा होताच. त्या थोर परंपरेचा मी वारस आहे.

मी एक जुना औंस ग्लास आहे. माझ्यात एका वेळी तीस मिलिलिटर मावतं. त्यातलंही थोडं तळाला चिकटून राहतं.

मी दिसतो धोत्र्याच्या फुलासारखा, फक्त खाली एक गोल पाय आहे आणि अंगावर रेघा कोरल्या आहेत. माझा जन्म फिरोजाबादकडच्या एका भट्टीत झाला. त्याच दिवशीच्या उरलेल्या काचेच्या बांगड्या झाल्या असं ऐकून आहे. दुपारी उन्हात डुलकी लागली, की मला त्या बांगड्यांची किणकिण ऐकू येते. त्या कुणाच्या हातात फुटल्या असतील देव जाणे. मी मात्र सरकारी नोकरीत लागलो आणि टिकलो.

लोणार तालुक्यातल्या बीबी गावच्या दवाखान्यात जानराव कंपाउंडर होते. मी त्यांच्या हाताखाली होतो. खरं तर त्यांच्या हातातच होतो. तेव्हा पेशंट घरून बाटली आणायचा आणि जानराव तिच्यात मिक्स्चर भरून द्यायचे. खोकल्याचं तांबडं, पोटाचं गुलाबी आणि तापाचं पांढरं. बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायची, एका खाचेला एक डोस. मला ते डोळ्यांसमोर धरायचे आणि श्वास रोखायचे. औषधाचा खोलगट भाग रेघेला नेमका टेकला, की श्वास सोडायचे. पस्तीस वर्षं दिवसातून शंभर वेळा माझ्यासाठी कुणीतरी श्वास रोखत होतं. मित्रांनो, एवढं प्रेम माणसांच्याही वाट्याला येत नाही.

गाव त्यांना डाक्टर म्हणायचं. ते दर वेळी दुरुस्ती करायचे. गाव दुरुस्तीसकट ऐकायचं आणि पुन्हा डाक्टर म्हणायचं.

ते निवृत्त झाले त्याच महिन्यात माझ्या पायाचा टवका उडाला आणि मला निर्लेखित करण्यात आलं. निर्लेखित म्हणजे आपण असतो, पण कागदावर नसतो. जानरावांनी साहेबांकडे रीतसर अर्ज करून मला मागून घेतलं. अशा रीतीने आम्ही दोघं एकाच पिशवीतून घरी आलो. पिशवीत एक शाल आणि एक नारळही होता.

घरी माझा हुद्दा घसरला. जानरावांच्या पत्नी सिंधूताई यांनी मला खिडकीत ठेवून माझ्यात केसांच्या पिना टाकल्या. पण त्या खिडकीत चारच्या सुमारास ऊन यायचं, आणि पिनांमधून वाट काढत ते माझ्या अंगातून भिंतीवर उतरायचं. सात रंगांचा एक लहानसा तुकडा. नऊ वर्षांची नात महामाया तो तुकडा हाताने पकडायला बघायची. तिचे आईवडील नोकरीपायी भुसावळला आणि ती इथे आजीआजोबांकडे. एकदा तिने पिना काढून माझ्यात पाणी भरलं, डोळ्यांसमोर धरलं आणि श्वास रोखला. पुढे ती रसायनशास्त्र शिकली. ते माझ्यामुळे, असं मी म्हणत नाही. मनात म्हणतो.

मग ती नाशिकला नोकरीला लागली. वाइन बनवण्याच्या कारखान्यात.

सिंधूताईंनी गावात सांगितलं, पोरगी शरबताच्या कंपनीत आहे. तीन वर्षं सांगितलं. दर सुट्टीला कुणीतरी विचारायचं, "काय वं महामाया, लिंबाचं करता का गुलाबाचं?" आणि ती पोर मान खाली घालून म्हणायची, "द्राक्षाचं." हे तिला किती लागत असेल ते खिडकीतून मला दिसायचं. ज्या कामासाठी ती पहाटे उठायची, त्या कामाला तिच्या स्वतःच्या घरात नाव नव्हतं.

एकवीस वर्षांखालच्या मित्रांनी यापुढचा भाग डोळे मिटून वाचावा.

यंदा वैशाखात महामायाचं लग्न ठरलं. मुलगा संघपाल, सुलतानपूरच्या शाळेत गणित शिकवतो. लग्न सकाळी बीबीच्या विहारात आणि रिसेप्शन संध्याकाळी बुलढाण्याच्या हॉलवर. लग्नाच्या पंधरा दिवस आधी, एका रणरणत्या दुपारी महामाया एक खोकं घेऊन घरी आली. रिसेप्शनला वाइनचा छोटा बार असेल, म्हणाली. एक दिवसाचा परवाना काढलाय, तीन वाइन ठेवायच्यात, त्या घरच्यांनी निवडाव्यात.

तिच्या आईवडिलांची हरकत नव्हती. हरकत घेण्याचं खातं आजीकडे होतं.

"सकाळी विहारात हात जोडून पाचवं शील म्हनाचं, सुरामेरय म्हनाचं, दारूले शिवनार नाही म्हनाचं," सिंधूताई म्हणाल्या, "अन् सांजच्याले त्याच हातानं बाटली धराची? काऊन वं?"

"आजी, मी पीत नाही. मी बनवते. चाखते अन् थुंकून टाकते."

"थुंकाचंच हाय तं बनवता कायले?"

मित्रांनो, या प्रश्नाचं उत्तर नाशिकलाही कुणाकडे नसावं.

महामायाच्या डोळ्यांत पाणी आलं. "आजी, तू शिकवलं म्हून मी शिकली. माह्या लग्नात माह्या हातचं काहीच नसंन, तं लोकायले काय दाखवू? शरबत? बार नसला तं नसो. पन असला, तं तुमी दोघं तिथं पायजे. तुमी येनार नसान, तं मी खोकं वापस नेते."

सिंधूताईंनी नवऱ्याकडे बोट केलं. "ह्यायले इचार. पस्तीस वर्सं यायनं बाटल्या भरल्या. हे बरं म्हनले तं मी येईन. नाही म्हनले, तं बारबी नाही अन् मीबी नाही."

संघपालला फोनवर मत विचारण्यात आलं. तो म्हणाला, आजी म्हणतील तसं. हा मुलगा संसारात टिकणार.

खोक्यातून सहा बाटल्या निघाल्या. कारखाना कोणता ते कळू नये म्हणून त्यांना काहीतरी घालणं भाग होतं. घरात तेवढ्याच मापाचे जानरावांचे पायमोजे होते. सहा बाटल्या सहा मोज्यांत उभ्या राहिल्या, बिनबुटांच्या मिरवणुकीसारख्या. त्यातली एक महामायाने स्वतः केलेली होती. कोणती, ते ती सांगणार नव्हती. घरात वाइनचे ग्लास नव्हते. स्टीलच्या पेल्यात रंग दिसत नाही. जानराव उठले, खिडकीपाशी आले आणि त्यांनी माझ्यातल्या पिना काढल्या.

अठरा वर्षांनी माझ्यावर ड्यूटी आली होती.

एवढ्यात शेजारचे तुळशीराम आले. गावात वाइन शॉपचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक अशी त्यांची ख्याती आहे, मात्र तिथे त्यांनी वाइन कधी घेतलेली नाही.

"जयभीम कंपाउंडर सायब! मी मदतीले आलो."

"तू बस, तुळशीराम. अन् हात मांडीवर ठेव."

सिंधूताईंनी वांग्याची भाजी आणि बट्टी आणून आदळली. "रिकाम्या पोटी काही तोंडात घालू नोका. अन् पंगतीले हेच हाय तं ह्याच्यासंगंच पाहा." विरोध तत्त्वाचा असला तरी स्वयंपाक शास्त्राचा होता.

"ही शेनिन ब्लाँ," महामायाने पहिली ओतली.

"शेनीन बाई कोन?" तुळशीराम.

"द्राक्षाचं नाव हाय काका. ब्लाँ म्हंजे पांढरी."

"मंग पांढरी म्हना ना. चढते का?"

जानरावांनी मला उजेडाकडे धरलं. काय सांगू मित्रांनो! आयुष्यभर मी औषधांनी भरलो होतो, आणि औषध पोटात असलं की स्वप्नंही कडू पडतात. पण ती पांढरी माझ्यात उतरली आणि मला बुलढाण्याच्या घाटातलं पहाटेचं धुकं दिसलं. धुक्यातून कुणीतरी पेरू विकत येत होतं. जानरावांनी वास घेतला, वांग्याचा घास खाल्ला, एक थेंब जिभेवर ठेवला आणि कढीपत्त्याच्या कुंडीत थुंकले. "थोडी गोड हाय. वांग्याच्या तिखटाले सांभाळून घेईन. ही ठेव." दुसरी पांढरी त्यांनी नाकारली. वांग्यापुढे ती उभीच राहिली नाही, म्हणाले.

तिसरी गुलाबी. लोणार सरोवराचं पाणी एका उन्हाळ्यात असंच झालं होतं. माझ्या काठाशी बगळे उतरल्याचा मला भास झाला. जानराव म्हणाले, "ऊन लय राहीन. ही थंड करून बायामानसायले बरी." चौथी लाल होती. तिचा जळका वास त्यांना पटला नाही. तिची रवानगी कुंडीत झाली.

पाचवी महामायाने दोन्ही हातांनी धरून ओतली. तिच्या बाटलीचं तोंड माझ्या काठावर टिकटिक वाजलं, ते फक्त मला ऐकू आलं. तपकिरी मोजा, टाचेला भोक.

जानरावांनी मला डोळ्यांसमोर धरलं. आणि मित्रांनो, त्यांनी श्वास रोखला.

मी लाल झालो होतो. माझ्यातून खिडकी लाल दिसत होती, कढीपत्ता लाल, तुळशीराम लाल. बांगड्यांची किणकिण जवळ आली. रानात पळस फुलला होता आणि त्या पळसाखालून पट्टी चिकटवलेल्या शेकडो बाटल्या गुपचूप आपापल्या घरी चालल्या होत्या. किती वेळ गेला ते सांगता येत नाही. कदाचित एक क्षण.

त्यांनी श्वास सोडला. वास घेतला. घास, थेंब, कुंडी.

"दारू हाय, सिंधू," ते म्हणाले. "खोटं कायले बोलू? लेबल कोनतंबी लावा, दारूच हाय."

महामायाने बाटलीचं झाकण लावलं. सिंधूताई उठायला लागल्या.

"थांब. माह्यं बोलनं व्हायचं हाय. गाळलेली सोच्छ हाय. भांडं धुतेल हाय. कुठंच घाई केली नाही. पस्तीस वर्सं मी मिक्स्चर देल्लं, असा हात मले हाताखाली भेटला नाही. ज्यानं हे बनवलं, त्यानं औषध बनवलं असतं, तं मी पेशंटले डोये झाकून देल्लं असतं."

महामाया रडायला लागली. ही बाटली तिची, हे जानरावांना आधी कळलं की सिंधूताईंना, ते मला नक्की सांगता येणार नाही. मी वास घेण्यात गुंतलो होतो.

"सहावी चाखाची राह्यली," तुळशीरामांनी आठवण दिली.

"तीन पायजे होत्या, तीन भेटल्या आमाले," जानराव म्हणाले. "बार लागंन. पन मी पिनार नाही अन् कोनाले ढोसू देनार नाही. वाढीन मी. मापानं."

सिंधूताई पुन्हा खाली बसल्या. "मंग मलेबी यावंच लागंन," त्या पुटपुटल्या. "गर्दी झाली का ह्यायले घाम येते."

अशा रीतीने रिसेप्शनच्या संध्याकाळी बुलढाण्याच्या हॉलमध्ये पांढऱ्या चादरीच्या टेबलामागे पांढरा शर्ट घालून जानराव उभे राहिले. लाल बाटल्या माठातल्या पाण्यात बुडवलेल्या होत्या, कारण वैशाखात लाल वाइन तशीच ठेवली तर तिचा काढा होतो. भाड्याचे उंच ग्लास रांगेत होते, पण प्रत्येकात जायचं ते माझ्यातून. नाशिकहून आलेली सहकारी मंडळी आणि संघपालचे मास्तर लोक आपोआप ओळीत उभे राहिले. त्या टेबलासमोर दुसरं काही सुचतच नव्हतं.

"काय होते?" जानराव पहिल्याला म्हणाले.

"काही होत नाही. वाइन हवी होती."

"जेवले का?"

"नाही अजून."

"जेवून या. पुढचा!"

जगातला हा बहुधा एकमेव बार असावा जिथे ढेकर दाखवल्याशिवाय प्रवेश नव्हता. तुळशीराम तीनदा आले. दुसऱ्यांदा डोक्याला रुमाल बांधून, तिसऱ्यांदा दुसऱ्याचा चष्मा लावून.

"तुळशीराम, दर सहा तासांनी."

"पन सायब, हॉल दहाले बंद होते!"

"मंग उद्या या."

समोर कैरीच्या पन्ह्याचं टेबल होतं. तिथे सिंधूताई नातेवाईक बायकांत बसल्या होत्या. त्यातल्या बनाबाईंनी आमच्याकडे पाहून मोठ्याने विचारलं, "सिंधूताई, हेच का वं तुमच्या नातीच्या कंपनीतलं शरबत?"

नवरी तेव्हा फोटोसाठी मागेच उभी होती. फोटोवाला हसा म्हणत होता, ती हसत नव्हती.

सिंधूताईंनी पन्ह्याचा पेला खाली ठेवला. "शरबत नाही," त्या म्हणाल्या. आवाज जरा चढाच होता. "वाइन हाय. माह्या नातीनं बनवली. मी पीत नाही, तुमीबी पिऊ नोका. पन चांगली बनवली. ह्यायनं पाह्यलं."

फोटोवाल्याला तो फोटो मिळाला. मला दुरून दिसला, माझ्या काचेतून थोडा वाकडा आणि लाल, पण तसा चेहरा मी गेली अठरा वर्षं भिंतीवरच्या सात रंगांतही पाहिला नव्हता.

मित्रांनो, या कहाणीतून घेण्यासारखं पुष्कळ आहे. कुणाचं काम मोजताना घाई करू नये. न पिणाऱ्यानेही चांगल्याला चांगलं म्हणावं. जुन्या वस्तूंना अडगळ समजू नये, त्यांच्यात अजून बरंच मावतं. माझ्यावर कुणी निबंध लिहिला तरी माझी हरकत नाही.

पण ते सगळं सावकाश. आज लग्नाला पाच दिवस झाले. मी पुन्हा खिडकीत आहे, तळाशी लाल थर वाळलाय आणि मुंग्यांची ये-जा सुरू झाली आहे. तुमच्यापैकी कुणी बीबीकडून जाणार असाल, तर मला जरा विसळून ठेवता का? साबण नसला तरी चालेल.