बारा संगणक आणि वरची ओळ

साल दोन हजार बावीस, दिवाळीनंतरचा आठवडा. सांगलीच्या गावभागातल्या एका वाचनालयाला कुणीतरी बारा जुने संगणक दिले आणि निवृत्त शिक्षिका शरयूताईंनी त्यांच्यासाठी मागची खोली भांडून मिळवली. कार्यवाह विष्णुपंतांची अट होती: शनिवारी संध्याकाळपर्यंत संगणक चालले नाहीत, तर खोलीत पुन्हा सतरंज्यांचा ढीग.

काम करायला आली आटपाडीकडची स्वप्नाली, ताईंची जुनी विद्यार्थिनी. तिनं सूचनांची एक फाइल लिहिली. पेनड्राइव्हवरून लिनक्स, म्हणजे संगणक चालवणारी फुकट मिळणारी प्रणाली, उतरलं, की संगणक ती फाइल वाचून आपोआप 'वाचक' नावाचं खातं उघडणार होता. लिनक्स बाराही ठिकाणी उतरलं. खातं मात्र एकातही नाही.

"पाव्हण्यानं दार वाजवावं आन् घरातल्यांनी कोण तुमी म्हणावं, तसं चाललंय, बाई," स्वप्नाली म्हणाली.

तीनदा पुसून पुन्हा बसवलं. शनिवारचे चार वाजले तसे विष्णुपंत दारात आले. "शरयूताई, सतरंज्या झटकायला सांगू?"

"सांगा. उद्घाटनाला तुम्हालाच बसायला लागतील."

ते गेल्यावर ताईंनी स्वप्नालीशेजारी खुर्ची ओढली. संगणकातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण चौतीस वर्षं वह्या तपासल्या होत्या.

"वाचून दाखव. अगदी वरपासून."

"वरची ओळ सोडा. श्री बिरदेव प्रसन्न. आमचा मेंढपाळांचा देव, नव्या वहीत घालतो तसं. ओळीच्या पुढं एक खूण केली, की संगणक न वाचता सोडून देतोय ती."

"सगळ्यात वरची असली तरी?"

स्वप्नालीनं कपाळाला हात लावला. ही सूचनांची फाइल आहे, हे सांगणारी एक ठरलेली ओळ अगदी वरच लागते. तिच्यावर देव बसल्यामुळे संगणकानं अख्खी फाइलच बाजूला सारली होती.

"आता देवाला खाली कसं ढकलू, बाई?"

"ढकलतेस कशाला? मेंढरं पुढं सोडून राखणारा मागनंच चालतो ना? बसव शेवटी, राखणीला."

स्वप्नाली हसली, ओळ शेवटी नेली आणि लिनक्स पुन्हा बसवलं. सहा वाजता बाराही संगणकांत 'वाचक' हजर झाला.

विष्णुपंतांनी पुढच्या वर्षी पद सोडलं. आता ते रोज अकराला त्याच खोलीत संगणकावर बुद्धिबळ खेळतात आणि हरले की माउसवर चिडतात. स्वप्नालीला साताऱ्यात नोकरी लागली, लोणंदच्या जयराजशी तिचं लग्न झालं. शरयूताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. खोलीची किल्ली त्यांनी अजून कुणाच्या हाती दिलेली नाही.