झाकण न उघडता

लांबूनच ताप मोजणारा कॅमेरा आला त्या दिवशी मी मॅडमशी धड बोलले नाही. एकोणीस वर्षं मी प्रयोगशाळेच्या या ॲनिमल हाऊसमध्ये उंदरांचं तापमान घेतेय. शेपटी अलगद उचलायची, मागून तारेएवढी बारीक नळी सरकवायची, आकडा लिहायचा. माझ्या हातून एकालाही इजा झालेली नाही. आणि आता पिंजऱ्यावर एक डबा टांगायचा आणि म्हणायचं, मावशी, हात लावायचा नाही! घरी हे नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "एकोणीस वर्षं उंदरांचा ताप बघतेस, माझ्या कपाळाला कधी हात लावलास?" त्याच्याकडे रडगाणं न्यायला गेले, हीच माझी चूक.

आमच्या उंदरांना अंड्यातल्या पांढऱ्याची ॲलर्जी असते. ती आम्हीच त्यांना लावतो. नंतर तेच पांढरं टोचलं की उंदराचं अंग गार पडतं, अडतीसवरून तेहतीस, कधी एकतीससुद्धा. जितकं गार, तितकी ॲलर्जी जोराची. मॅडमनी तीन वर्षं खपून यावर औषध तयार केलं होतं. औषध दिलेल्या माद्या गार पडायच्या, पण पाऊण तासात पुन्हा ऊबदार व्हायच्या. बिनऔषधाच्या तशाच थंडगार पडून राहायच्या. आकडे बघून भल्याभल्यांनी तोंडात बोटं घातली होती. सोमवारी फाईल समितीकडे जाणार होती, आणि समितीने होकार दिला की औषध माणसांना, पहिल्यांदा ॲलर्जीवाल्या लहान मुलांना. समितीची एकच अट उरली होती. उंदीर हातात धरला की घाबरतो आणि घाबरला की तापतो, तेव्हा हात न लावता एकदा मोजून दाखवा.

म्हणून तो डबा. शुक्रवारी सकाळी मी आठ माद्यांच्या पाठीवर नखाएवढी जागा भादरली, म्हणजे कॅमेऱ्याला कातडी दिसेल. एका पिंजऱ्यात औषधाच्या चौघी, दुसऱ्यात बिनऔषधाच्या चौघी. टोचलं आणि झाकणाच्या जागी जाळी ठेवून बाजूच्या खोलीत पडद्यासमोर बसले. गरम ते पिवळं, गार ते जांभळं. मॅडम वर फाईल लावत होत्या.

औषधाच्या पिंजऱ्यात नेहमीप्रमाणे टोचलेली एकच होती. दहा मिनिटांत ती पिवळ्याची केशरी झाली, मग जांभळी. कोपऱ्यात जाऊन पडली. एरवी या वेळी मी झाकण उघडते आणि सगळ्या चारी दिशांना पळतात. आज कुणी झाकण उघडलं नाही. एक पिवळी आली, तिला हुंगलं आणि तिच्या अंगाला चिकटून बसली. दुसरी पाठीवर चढून आडवी झाली. तिसरीने उरलेली बाजू धरली. जांभळा ठिपका पडद्यावरून नाहीसाच झाला. अर्ध्या तासाने वरची जराशी सरकली, आणि खालची पुन्हा पिवळी झाली होती. हजारदा हातात धरलेली ही जनावरं, आणि त्यांचं हे घर मी एकदाही पाहिलं नव्हतं. माझं झाकण उघडलं की ते मोडत होतं.

मग दुसऱ्या पिंजऱ्याकडे नजर गेली. चार जांभळे ठिपके, चार कोपऱ्यांत. चौघींनाही टोचलेलं होतं. कोण कुणाला ऊब देणार?

ही पद्धत माझी होती. औषधाच्या माद्या मौल्यवान, म्हणून मी एका दिवशी एका पिंजऱ्यातली एकच टोचायची. बिनऔषधाच्या काय, एका सकाळी चौघी उरकून मोकळी व्हायचे. तीन वर्षं. वहीत फक्त तारखा होत्या, पिंजरे नव्हते. मी गप्प बसले असते तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण मग ते औषध एखाद्या मुलाला दिलं असतं, आणि त्याचा श्वास अडकला असता तेव्हा त्याला नुसती ऊब देऊन भागणार नव्हतं.

जिना चढून मी मॅडमच्या दारात उभी राहिले. "मॅडम, खाली चला. माझ्याकडून फार मोठा घोळ झालाय."

त्यांनी पडदा पाहिला, मग सगळं ऐकलं. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, "मावशी, औषधाच्या तीन काढा. वेगवेगळ्या पिंजऱ्यांतल्या. एकेकीला एकटीच ठेवू."

तिघींची पाठ भादरली, एकटं ठेवून टोचलं. आम्ही दोघी पडद्यासमोर उभ्या. पंचेचाळीस मिनिटं झाली, तास झाला. तिन्ही ठिपके जांभळे. एकही पुन्हा पिवळा झाला नाही. औषधात काही नव्हतंच.

मॅडमनी समितीला फोन लावला. "फाईल येणार नाही," एवढंच सांगितलं आणि ठेवला. मग हातमोजे चढवून आत गेल्या, तिघींपैकी सगळ्यात गार पडलेली ओंजळीत घेतली आणि तिच्या जुन्या पिंजऱ्यात सोडून, तो कॅमेऱ्याखाली ठेवून आल्या. पडद्यावर तीन पिवळ्या हलल्या. एक आली. मग दुसरी. तिसरी जरा रेंगाळली, पण आली.

मॅडमच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि त्या पडद्यावरची नजर हलवत नव्हत्या. तीन वर्षं माझ्या एका उरकाउरकीने मातीत गेली होती. माफी मागायची म्हणून मी जवळ सरकले.

"मॅडम, मी..."

"शू," त्या कुजबुजल्या. "मग बोला. आत्ता आवाज नको, पांगतील त्या."