ओल बघायची पद्धत

लांब.

चादर दोघींनी धरायची असते. दोन टोकं एका उंच मुलीच्या हातात, दोन आत्याच्या. मागे सरायचं, ताणायची, एक झटका द्यायचा. मग दुमडून चालत जवळ यायचं आणि टोकाला टोक मिळवायचं. खालची कड आत्या उचलते. पुन्हा मागे, पुन्हा जवळ. शेवटची घडी टेबलावर.

ही हॉस्पिटलच्या तळघरातली लाँड्री. ड्रायर असे घरघरतात की लांब असताना बोललेलं ऐकूच येत नाही. जे काय बोलायचं ते जवळ आल्यावर, टोकं जुळेपर्यंत. त्यामुळे इथे कुणी मोठं वाक्य बोलत नाही. बोललंच तर त्याचे तुकडे करावे लागतात, आणि एका तुकड्यापासून दुसऱ्यापर्यंत चादरभर चालावं लागतं.

जवळ.

"लांबे, हात खाली घे. मी काय शिडी लावू?"

लांब.

ती उंच आहे म्हणून लांबी. आत्या कुणाचीच आत्या नाही. पण लाँड्रीतल्या लहानथोरांना ती बापाच्या बहिणीच्या हक्काने झापते, म्हणून आत्या. दोघी एका चादरीला कधीपासून आहेत हे दोघींनाही आठवत नाही. पायांना आठवत असेल.

भिंतीशी प्लास्टिकात गुंडाळलेलं घडीचं मशीन उभं आहे. सोमवारी ते सुरू होणार. मग चादर एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने घडी होऊन बाहेर. लांबी ते मशीन बघणार, आणि आत्याला लाँड्रीचा मुकादम वर शिवणखोलीत पाठवणार, फाटक्या चादरींवर टीप मारायला.

आज शुक्रवार.

जवळ.

"काय गं, तोंड असं का? सासरी मी चाललेय, तू नाही."

लांब.

उद्या संध्याकाळी तरुण संघाची सभा आहे. चर्चच्या मागची खोली, लाकडी बाकं, एक पंखा, तोही पाळकसाहेबांच्या डोक्यावर. लांबी संघाची ताई आहे. पाळकसाहेबांनी सांगून ठेवलंय: पत्रकं नकोत, भोंगे नकोत. प्रत्येकाने एकच माणूस निवडा, ओळखीचा, आणि त्याला स्वतःच्या तोंडाने सांगा की तुमचा प्रभू तुमचा कोण लागतो. मग संघात उभं राहून काय झालं ते सांगा.

कसं सांगायचं तेही त्यांनी समजावलं. आधी विचारा. मग आपलं सांगा. मग थांबा. थांबायचं बहुतेक जण विसरतात, म्हणाले.

मुलांच्या मागे लागायचं काम लांबीचं. तिने ते केलं. चष्मेवाला आता बसस्टॉपवर उभ्या राहिलेल्या कुणालाही सांगतो. लोक म्हणे पुढच्या स्टॉपपर्यंत चालत जातात. सुताराच्या मुलीने मैत्रिणीला सांगितलं आणि दोघी रडल्या. एकजण घाबरत होता, त्याला लांबीच म्हणाली होती, "अरे, जीभ काय भाड्याने आणलीय? बोल की."

तिने स्वतः निवडलेलं माणूस म्हणजे आत्या. निवडलं, आणि चादरी जवळ येत गेल्या, लांब जात गेल्या.

आई परवा म्हणालीच: "लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण."

"आई, मी दमलेय."

"तू कधी नसतेस?"

जवळ.

"आत्या, एक विचारू?"

"विचार की."

लांब.

आणि टोकं सुटली. विचारायचं ते राहिलं.

भीती चिडण्याची नाही. आत्या रोजच चिडते. भीती अशी: आत्या मागे वळून बघेल. डब्यातली अर्धी भाकरी, गुडघ्याला आणलेलं मलम, बहीण गेली तेव्हा जिन्यात शेजारी बसणं. हे सगळं बघेल आणि म्हणेल, अच्छा, गळाला लावलेलं होतं होय. लांबीला ते खोटं पाडता येणार नाही, कारण माणूस निवडलेला होता हे तर खरंच.

या अख्ख्या इमारतीत तिला हसवणारं एवढं एकच माणूस आहे.

जवळ.

"विचारत होतीस ना काहीतरी?"

"तुमचा गुडघा कसाय?"

"गुडघा? गुडघ्यासाठी एवढं तोंड पाडलंस?"

लांब.

आत्याची धाकटी बहीण वरच्याच वॉर्डात वारली. तिची चादर इतर चादरींबरोबर खाली आली, धुतली गेली, वाळली. कोणती ते ओळखू येत नव्हतं. त्यातल्याच एकीची दोघींनी घडी घातली असणार. त्या दिवशी जिन्यात आत्या एवढंच म्हणाली: "त्या वरच्याशी माझा अबोला आहे. मरेपर्यंत. तू मधे पडू नकोस."

लांबी मधे पडली नव्हती. आतापर्यंत.

जवळ.

"आत्या, तुमचा अबोला..."

"कुणाशी? मुकादमाशी? तो सुटला. त्याने पगारी रजा दिली."

लांब.

आधी विचारा. विचारून झालं. उत्तर मुकादमावर गेलं.

तिचे पाय भरून आलेत. आज आणखी किती चादरी आहेत ते ती बघत नाही. बघितलं की वाढतात.

टेबल.

चादर टेबलावर आली. शेवटची घडी. लांबीने नेहमीप्रमाणे वर तळहात ठेवला, जरा दाबून, जरा थांबून. पुढची चादर आली. तिची शेवटची घडी आत्याने घातली आणि तिनेही तस्साच तळहात ठेवला. दाबून. थांबून.

टेबल ड्रायरपासून दूर, खांबाच्या आड आहे. तिथे ऐकू येतं.

"ही तुझी ओल बघायची पद्धत," आत्या म्हणाली, "भारी आहे हं. मी सगळ्या नव्या पोरींना शिकवलीय. हात ठेवायचा, श्वासभर थांबायचं, ओल असेल तर गार लागतं. वॉर्डातून एक तक्रार नाही ओल्या चादरीची. मुकादम मला म्हणाला, आत्या, डोकं आहे तुम्हाला. मी म्हटलं, माझं नाही, लांबीचं. उंच आहे ना, वर हवा चांगली लागते."

लांबीचा हात चादरीवरच राहिला.

"आत्या, मी ओल नाही बघत."

"मग काय गरम करतेस?"

मुकादमाने लांबून हात हलवला. ढीग, ढीग. दोघींनी पुढची चादर उचलली.

जवळ.

"मी प्रार्थना करते."

लांब.

आत्याचं तोंड हललं. काय म्हणाली ते ड्रायरने खाल्लं.

जवळ.

"काय म्हणालीस?"

"ह्याच्यावर जो झोपेल त्याच्यासाठी. प्रभू, ह्याला झोप लागू दे. एवढंच."

लांब.

एवढंच. काही दिवस तेवढंही नसतं. दुपारनंतर फक्त "प्रभू, झोप" उरतं, आणि ती कुणासाठी मागतेय ते तिला स्वतःलाच सांगता येत नाही. पण हात ठेवते. इथे लागली तेव्हा पहिल्या आठवड्यात तिला वाटलं होतं, आपण कधीच न बघितलेल्या माणसांच्या अंगाखाली आपलं काम जातं, त्यांना काहीतरी बरोबर द्यावं. प्रभूने तिला असंच धरलं होतं, ती कोण हे कुणी न विचारता. हे सांगायचं होतं. हे मोठं वाक्य आहे.

जवळ.

"प्रत्येक चादरीवर?"

"हो."

लांब.

जवळ.

"आणि मी जो हात ठेवते तो?"

लांबीने टोकाला टोक मिळवलं.

लांब.

या वेळी आत्याने झटका इतका जोरात दिला की टोकं लांबीच्या बोटांतून निसटली. चादर जमिनीवर. जमिनीला लागलेली चादर परत धुवायला जाते. तो नियम आहे. दोघी तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग आत्या चालत आली. कामाच्या वेळी, हातात चादर नसताना ती पहिल्यांदाच इतकी जवळ आली असेल.

"म्हणजे इतके दिवस माझ्याकडून करून घेतलंस?"

"नाही हो. मला माहीतच नव्हतं तुम्ही माझं बघून..."

"डोळे फुटले होते? रोज समोर हात ठेवतेय मी! तुला वाटलं काय, मी शेकतेय?"

"मला वाटलं, ओल..."

"ओल!" आत्याचा आवाज चिरकला. "जिन्यात तुला सांगितलं होतं मी. अबोला म्हणजे अबोला. बहिणीसाठी धरलाय तो. आणि तू मला बोलायला लावलंस, तेही न सांगता. सांगितलं असतंस तर नाही म्हटलं असतं. बास. नाही म्हणायला तरी मिळालं असतं."

"तुम्ही तोडाल म्हणून नाही सांगितलं."

"मग आता?"

लांबी म्हणाली, "आता सांगते. माझा विश्वास आहे, आत्या. मला तो दमलेली असताना धरतो. तुमच्या बहिणीलाही त्याने धरलं असेल असं मला वाटतं, पण ते मला सिद्ध करता येत नाही. तुम्हालाही हे कळावं असं फार दिवस मनात होतं. मलम त्यासाठी आणलं नव्हतं. मलम गुडघ्यासाठीच होतं."

मग ती थांबली. शिकवलं होतं म्हणून नाही. पुढे काही नव्हतंच.

आत्याने जमिनीवरची चादर उचलली, मळक्या ढिगात टाकली आणि पुढची घेतली.

लांब. जवळ. लांब. जवळ. लांब. जवळ.

टेबलावर आत्याने शेवटची घडी घातली आणि हात मागे घेतला. पदराला पुसला. सुटी होईपर्यंत असंच. जाताना "येते" सुद्धा म्हणाली नाही. आता तिचे अबोले दोन झाले.

पंख्याखाली.

शनिवारी पाळकसाहेब म्हणाले, "आपली ताई सांगेल."

लांबी उभी राहिली. पाय दुखत होते म्हणून बाकाला टेकून.

"मी एका बाईंना सांगितलं," ती म्हणाली. "त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलंय."

पंखा फिरत होता. चष्मेवाल्याने चष्मा वर केला. "मग ताई, ही साक्ष कशी?"

"माहीत नाही रे."

"मी सांगतो तेव्हा लोक निघून जातात. तुमच्या बाई निदान रागावल्या तरी."

कुणीतरी हसलं. लांबीलाही जरासं हसू आलं.

"मी उशीर केला," ती म्हणाली. "माझी ओळखच मी लपवून ठेवली होती, आणि त्यांना ती माझ्या हातावरून कळली. तुम्ही असं करू नका. ज्याच्याबरोबर रोज डबा खाता त्याला सांगून टाका. सोप्या शब्दांत. नाही म्हणाला तर त्याला नाही म्हणू द्या, आणि दुसऱ्या दिवशी डबा त्याच्याच शेजारी उघडा. तोडलं तर... तोडलं तर काय ते मला अजून कळलेलं नाही. सोमवारी बघू."

घाबरट मुलगा, ज्याला ती जिभेवरून बोलली होती, त्याने विचारलं, "पण तरी सांगायचंच?"

लांबी बाक सोडून सरळ उभी राहिली.

"हो. आवडतं माणूस आहे म्हणून तरी. मनातली सगळ्यात मोठी गोष्ट त्याच्यापासून दडवून ठेवायची, ती कसली मैत्री?"

ती बसली. पाळकसाहेबांनी समारोप केला नाही. पंखा हळूच तिच्या बाजूला वळवायला गेले, पण तो वळणारा नव्हता.

वर.

सोमवारी मशीनने पहिल्याच दिवशी एक चादर फाडली. लांबीला बरं वाटलं. मग बरं वाटलं याची लाज वाटली. मुकादम म्हणाला, "वर नेऊन दे."

शिवणखोलीत एक खिडकी आहे. आत्या मशीनवर पाठमोरी बसली होती. लांबीने फाटकी चादर ठेवली आणि उभी राहिली. आत्याने चादर ओढली, फाटलेलं बघितलं, टीप मारली, दोरा दाताने तोडला. खालचा ढीग वाढत असणार.

मग आत्या उठली आणि न बोलता चादरीची दोन टोकं तिच्याकडे पुढे केली.

खोली लहान. लांब जायला जागाच नव्हती. चादर मधे पोटासारखी लोंबत राहिली. टोकाला टोक मिळालं. आत्याने खालची कड उचलली.

"हात खाली घे," आत्या म्हणाली. "इथेही शिडी नाही."

लांबीने हात खाली घेतले.

शेवटची घडी आत्याने टेबलावर घातली. तिचा तळहात सवयीने वर उठला, मधेच थांबला, आणि तिने तो दुखऱ्या गुडघ्यावर नेऊन ठेवला.

"तू ठेव," ती म्हणाली. "मी बोलत नाहीये त्याच्याशी. अजून नाही. पण तू ठेव. मी थांबते."

लांबीने हात ठेवला. नवी टीप बोटाखाली लागली.

"आणि ओल नाहीये," आत्या म्हणाली. "मी आधीच बघितलंय."

लांबीचे डोळे मिटलेले होते. आत्या शेजारी उभी होती, खिडकीकडे बघत, एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत.

"उरक गं," थोड्या वेळाने ती म्हणाली, पण हळू. "खाली ढीग पडला असेल."